बाबांची डी ड्राइव्ह

बंद पडलेला कॉम्प्युटर एकाच जागी बंद पडलेला नसतो. आपण सरळ म्हणून टाकतो की कॉम्प्युटर गेला, दुकानवालाही तेच म्हणतो, पण आत बघायला घेतलं तर वीज एकीकडे अडलेली असते, रॅम दुसरीकडे, डिस्क तिसरीकडे, आणि हे सगळं मार्गी लागलं तरी शेवटी स्क्रीनवर जे येतं ते वाचताच येत नाही असंही होतं. आमच्याकडे हे सगळं एकाच पावसाळ्यात ओळीने झालं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता हे शेवटचं, आणि त्याच्या मागे पुढचं उभंच असायचं.

आमचं घर ठाण्यात नौपाड्यात, जुनी बिल्डिंग. डेस्कटॉप २०१० साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारातून असेंबल करून आणलेला. तेव्हा विंडोज ७ येऊन काही महिने झाले होते, पण बाबांनी हट्टाने जुनं विंडोज एक्सपीच टाकून घेतलं कारण त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर एक्सपीवर नीट चालायचं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअर्सला होते, मराठी टायपिंगची सरकारी ३० ची परीक्षा पास झालेले, टाइपरायटरचा कीबोर्ड त्यांच्या बोटांतच आहे. रिटायर झाल्यावर ते रोज सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि लिहायचे. वागळे इस्टेटमधले भोंगे, शिफ्ट सुटल्यावरची सायकलींची गर्दी, कॅन्टीन, संप, मग एकेक करून बंद होत गेलेले कारखाने, कोण गावी परत गेलं, कोणी रिक्षा घेतली. हे सगळं डी ड्राइव्हवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागात, 'लेख' नावाच्या फोल्डरमध्ये.

मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, टायपिंग सुटलं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा मी त्या मशीनचं इंटरनेट काढून टाकलं, त्यामुळे ऑनलाइन कुठे काही गेलेलंच नव्हतं. पेनड्राइव्हवर एक कॉपी होती पण तो पेनड्राइव्ह आता काही केल्या वाचला जात नाही (फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की तिच्यातला चार्ज हळूहळू गळतो, हे फार लोकांना माहीत नसतं आणि लग्नाचे फोटो वगैरे लोक पेनड्राइव्हवर ठेवून निवांत असतात, त्यांनी कृपया आजच बघावं). यंदा बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांचं एकत्र जमायचं ठरलं आणि बाबा म्हणाले, "अगं, माझे ते लेख काढून देशील का, प्रिंट करून सगळ्यांना वाटतो." म्हणून कापड बाजूला केलं, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही गेलंय, नवीन घ्या. मला हे बोलणं सहन होत नाही. न उघडता कसं कळतं? मशीन मी घरी आणलं.

पहिली अडचण एसएमपीएसची, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या पेटीची होती, ती सोपी. मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते, ती काळ्या वायरला जोडली की एसएमपीएसला सुरू व्हायचा सिग्नल मिळतो आणि त्याचा पंखा फिरला पाहिजे. फिरला नाही. जाळीतून टॉर्च मारल्यावर आतले कपॅसिटर वरून फुगलेले दिसले. ती पेटी मी उघडत नाही आणि कोणी हौसेने उघडू नये, आपली २३० व्होल्टची वीज आत सरळ होऊन ३२५ व्होल्टच्या आसपास जाते आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ तशीच बसून असते. नवीन एसएमपीएस आणला, पंखे फिरले, पण स्क्रीनवर अंधार आणि आतून लांब लांब बीप.

ती बीप म्हणजे रॅम. ठाण्याला खाडी आहे, पावसाळ्यात कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा बुरशी धरते, तर रॅमच्या पट्टीवरच्या त्या पिवळ्या पातळ संपर्कांवर थर बसणारच. शाळेतलं पांढरं खोडरबर घ्यायचं, हलक्या हाताने त्या पिवळ्या पट्ट्या घासायच्या, चुरा झटकायचा, पट्टी परत बसवायची आणि दोन्ही बाजूंचा टक्क आवाज येईपर्यंत दाबायची. हा उपाय गल्लीतल्या प्रत्येक रिपेअरवाल्याला माहीत असतो आणि तो खरोखर चालतो. स्क्रीन आली!

स्क्रीन आली ती तारीख विसरून आली. मदरबोर्डवर नाण्यासारखी दिसणारी जी बॅटरी असते ती सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, आकडाच तिचं माप आहे. ३ व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसची (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज तिच्यावर जगतात. ती मेली होती, गोखले रोडवर नवीन मिळाली, टाकली, तारीख घातली, आणि विंडोजचा लोगो येतोय न येतोय तोच निळा स्क्रीन. शेवटी ७बी असलेला तो लांबलचक कोड. हा कोड बघून कितीतरी लोकांनी डिस्क फेकून दिली असेल, कारण त्याचा अर्थ बूट करायची डिस्क हाताशी लागत नाही असा आहे. पण इथे डिस्कचा काही संबंध नव्हता. एक्सपीच्या सीडीत एएचसीआय मोडचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हरच नाही, म्हणून २०१० साली ज्याने मशीन असेंबल केलं त्याने बायोसमध्ये जाऊन साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, करून ठेवला होता. बॅटरी मेल्यावर सेटिंग्ज मूळपदावर गेली, मोड परत एएचसीआय झाला, आणि एक्सपीला स्वतःचीच डिस्क ओळखता येईना. एका जागी बदल केला आणि विंडोज उघडलं. एवढीशी बॅटरी, आणि तिच्यामुळे पूर्ण मशीन मेल्यासारखं दिसतं, या गोष्टीचं मला अजून आश्चर्य वाटतं.

बाबा मागेच उभे होते. "झालं का गं सुरू?" मी म्हटलं, बाबा, झालंय, पण तुम्ही जरा थांबा, आवाज बरोबर नाही.

आवाज खरंच बरोबर नव्हता. डिस्कमधून टक्, थोडं थांबून परत टक्. डी ड्राइव्ह उघडायला गेले तर हिरव्या पट्ट्या नुसत्या थांबून राहिल्या. रीस्टार्टला एक्सपीने स्वतःहून सांगितलं की डिस्क तपासायची आहे, दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं तर सोडून देतो. मी बटण दाबलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा लांबवून सांगते. चेकडिस्क हा डॉक्टर निरोगी डिस्कसाठी आहे. डिस्कचे सेक्टरच (माहितीचे छोटे कप्पे) वाचले जात नसताना तो दुरुस्तीच्या नावाखाली त्याच आजारी डिस्कवर लिहायला लागतो, नोंदी पुसतो, तुकडे जोडतो, आणि जे वाचवता आलं असतं ते घालवून बसतो. आजारी डिस्कवर काहीही लिहायचं नाही, आधी तिची हुबेहूब कॉपी, आणि मग जे काही प्रयोग करायचे ते कॉपीवर. मी मशीन बंद केलं. पुढच्या वेळी चालू केलं तर विंडोजही येईना, काळ्या स्क्रीनवर फक्त एक ओळ की बूट डिस्क सापडत नाही.

शेजारचे काका तळमळीने सांगायला आले की डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. हा जुना सल्ला आहे आणि आपल्याकडे तर अजिबात करू नये. जुलैमधल्या ठाण्याच्या हवेत थंडगार वस्तू बाहेर काढली की दोन मिनिटांत तिच्यावर पाणी सुटतं, आणि साध्या डिस्कला श्वास घ्यायला एक बारीक छिद्र असतं. मी उलट टेबल फॅन लावला.

कॉपी ठेवायला मोठी डिस्क हवी होती, तेवढ्यासाठी लॅमिंग्टन रोडला गेले. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की आलंच. त्या रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण मी ते कोणाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. ऑनलाइन सगळं घरी येतं, तरी मला तिथे जायला आवडतं. काउंटरवरच्या माणसाला डिस्कचा आवाज तोंडाने करून दाखवला तर तो म्हणाला, "मॅडम, हेड अजून वाचतंय, घाई करा पण जोर करू नका." असा सल्ला पार्सलच्या खोक्यात येत नाही.

आता खरं काम. लाइव्ह लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टिम) पेनड्राइव्हवरून चालू केलं, म्हणजे जुन्या डिस्कला हात न लावता सिस्टिम उभी राहते, जुनी आणि नवी डिस्क दोन्ही थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावल्या, आणि डीडीरेस्क्यू सुरू केलं. हा प्रोग्राम अँटोनियो डियाझ डियाझ नावाच्या माणसाने २००४ पासून लिहीत, सुधारत आणलाय, जगाला फुकट दिलाय. त्याची कामाची रीत मला इतकी शहाणी वाटते! साधी कॉपी खराब सेक्टरला अडकली की तिथेच डोकं आपटत बसते आणि तेवढ्यात डिस्क मरते. हा आधी सहज वाचता येईल तेवढं सगळं भराभर उचलतो, अडलं की तिथे खूण करून पुढे उडी मारतो, आणि सगळं सोपं पदरात पडल्यावरच परत मागे येऊन अडलेल्या जागांच्या कडा खरवडतो. आणि हे सगळं एका छोट्या मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो, कुठलं मिळालं, कुठलं राहिलं.

ती मॅप फाइल किती मोलाची हे मध्येच लाईट गेली तेव्हा कळलं. भर रात्री, पाऊस कोसळतोय, पूर्ण गल्ली काळोखात, आणि घरात तो टक् टक् आवाज अचानक बंद. लाईट आल्यावर तीच कमांड परत दिली तर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू, आधीचं काही परत वाचायचं नाही. १६० जीबीची डिस्क म्हणजे ३१ कोटी २५ लाख ८१ हजार ८०८ सेक्टर, प्रत्येकात ५१२ बाइट. जवळजवळ सगळे आले. जे थोडे राहिले त्यांच्यासाठी उलट दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावलं, त्यातही काही मिळाले. बाबा सकाळी उठून स्क्रीनवरचे आकडे बघायचे आणि चष्मा वर करून विचारायचे की यातला माझा कुठला.

न वाचता आलेल्या सेक्टरमध्ये नेमका पहिलाच सेक्टर होता. अगदी शून्य क्रमांकाचा. त्या ५१२ बाइटमध्ये बूट करायचा छोटा कोड असतो आणि त्याच्या मागे फक्त ६४ बाइटचा एक तक्ता, सी ड्राइव्ह कुठून कुठपर्यंत, त्यानंतरची जागा कोणाची. तेवढं एक गेलं की पूर्ण डिस्क रिकामी दिसते, विंडोजला विचारलं तर ते सरळ कोरी डिस्क समजून इनिशिअलाइज करू का म्हणून विचारतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथली कपाटांची यादी उद्या हरवली म्हणून पुस्तकं काही उडून जाणार नाहीत, ती आपापल्या फळीवर असणारच, फक्त एकेका कपाटासमोर जाऊन बघावं लागेल. तेच काम टेस्टडिस्क करतं. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाचा हा प्रोग्राम, तोही मोफत. तो डिस्कभर फिरून ड्राइव्हच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. एक्सपीच्या काळात पहिला ड्राइव्ह ६३ क्रमांकाच्या सेक्टरवर सुरू व्हायचा, तिथे एनटीएफएसची (विंडोजच्या फाइली मांडायच्या पद्धतीची) खूण शाबूत होती, आणि एनटीएफएस आपल्या पहिल्या सेक्टरची एक जादा प्रत ड्राइव्हच्या अगदी शेवटी ठेवतं, तीही जुळली. मग डी ड्राइव्ह सापडली. कॉपीवर तक्ता नवीन लिहिला, फोल्डर उघडले, आणि 'लेख' तिथे होता, आत सगळ्या फाइली, तारखांसकट.

फाइल उघडली आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, पौंडाचं चिन्ह, असला कचरा.

बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं फाइल सडली. फाइल अगदी ठणठणीत होती, बाइट न् बाइट जागेवर. त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरची गंमत अशी की ते मराठी साठवतच नव्हतं. आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्टमध्ये त्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढून ठेवलेला असायचा. फॉन्ट असला की मराठी, फॉन्ट नसला की कचरा. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. यूनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना ठरलेला एकेक क्रमांक देणाऱ्या मांडणीत, देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, आपल्याच देशात ठरवलेल्या इस्की मांडणीवर बेतलेली, एक्सपीतही मंगल नावाचा यूनिकोड फॉन्ट होता, पण छपाईचं सगळं जग फॉन्टवरच चालत होतं आणि टाइपरायटर शिकलेल्या माणसाला तेच हाताचं वाटायचं, यात बाबांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. घराघरात अशा किती फाइली पडून असतील, दिवाळी अंकांच्या, संस्थांच्या अहवालांच्या, कोणाच्या आजीच्या आठवणींच्या, ज्या कॉपी केल्या तरी उद्या कोणाला वाचता येणार नाहीत, आणि याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही.

फॉन्ट मला सी ड्राइव्हवरच मिळाला, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये. तो नव्या मशीनवर टाकल्यावर लेख दिसायला लागले आणि बाबांनी तिथल्या तिथे उभ्याने दोन पानं वाचली. पण मला ते यूनिकोडमध्ये हवे होते, नाहीतर मेल केले की परत कचराच. तयार कन्व्हर्टर वापरून बघितले, ते हिंदीसाठी बनवलेले, त्यांनी 'नोकऱ्या'चं 'नोकर्या' केलं. बाबांच्या लेखात नोकऱ्या पानोपानी आहेत. तो आडवा, केसासारखा र आपल्याला लागतो, हिंदीवाल्यांना त्याची गरजच नाही, मग ते कशाला सांभाळतील? शेवटी मी स्वतःच पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक तक्ता लिहायला घेतला, कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर.

आणि इथे बाबा माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, कारण हे त्यांचं क्षेत्र. टाइपरायटरवर जसं दिसतं तसं ठोकायचं असतं, ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अक्षर, रफार सगळ्यात शेवटी. यूनिकोडमध्ये उच्चारासारखं, वेलांटी अक्षरानंतर, रफाराचा र अक्षराच्या आधी. आता 'फर्निचर' घ्या. जुन्या फाइलमध्ये फ, मग वेलांटी, मग न, मग रफार. त्याचं फ, र्, न, वेलांटी करायचं, म्हणजे वेलांटी आणि रफार दोघांनी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जायचं. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी एकच अक्षर ओलांडून थांबली तर चूक, तिला अर्धा स आणि थ दोन्ही पार करावे लागतात. ख, भ, ध यांचं तर अर्धं अक्षर वेगळं आणि पुढचा काना वेगळा ठोकलेला. मी नियम लिहायचे, बाबा उतारा वाचून दाखवायचे, कुठे अडखळले की तिथे नियम चुकलाय. "अगं, हे 'ॲल्युमिनियम' बघ, अ वरचा चंद्र उडालाय." हा ॲ यूनिकोडमध्ये २००८ साली आला, ५.१ आवृत्तीत, त्यामुळे एक्सपीच्या मंगलमध्ये तो असणंच शक्य नव्हतं. स्टोअर्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाच्या लिखाणात ॲल्युमिनियमचे पत्रे आणि ॲसिडचे कार्बॉय येणारच, तो नियमही घातला.

डिस्कने जे सेक्टर दिलेच नाहीत त्यातला एक नेमका कॅन्टीनच्या लेखात पडलाय. जुन्या मांडणीत एका चिन्हाला एक बाइट, म्हणजे एका सेक्टरमध्ये पाचशेवर चिन्हं, जवळजवळ एक परिच्छेद. भजी कोण करायचं इथपर्यंत आहे आणि मग एकदम युनियनची मीटिंग सुरू. बाबांनी तेवढा भाग आठवून परत लिहून दिला, त्याच टाइपरायटरच्या कीबोर्डवर, तो आता लिनक्समध्ये लावून दिलाय आणि अक्षरं मोठी केलीत. पण लिहून झाल्यावर त्यांनाच शंका आली की तेव्हा आपण भजीचा भाव वेगळा लिहिला होता, आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारलं तर प्रत्येकाने वेगळा सांगितला. बाबा म्हणाले, हा परिच्छेद बाकीच्यात मिसळू नकोस, वाचणाऱ्याला कळू दे. म्हणून प्रिंटमध्ये तेवढा भाग तिरप्या अक्षरात घेतलाय, समासात 'आत्ता लिहिलेलं' असं टाकून.